लोकरीस लागणारी कसर

मृगाचा पाऊस तोंडावर आला म्हणजे माळ्यावरचे घोंगडे खाली काढले जाते, आणि घडी उलगडताच त्याला जागोजाग भोके पडलेली दिसतात. घरधनी बहुधा उंदराला दोष देतो. परंतु उंदराने कुरतडलेल्या ठिकाणी कडा फाटून चिंध्या होतात. कसरीची भोके लहान, वेडीवाकडी व बहुधा घडीच्या आत असतात.

कसर म्हणजे घरात उडणारा पिवळसर पतंग, असा सर्वसाधारण समज आहे. हा पतंग जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांब असून दिव्याकडे न येता अंधारात पळतो. त्याला काही खाता येत नाही; नुकसान करते ती त्याची अळी. शिवाय उडताना दिसतात ते बहुतेक नर. चाळीस-पन्नास अंडी घालणारी मादी घडीतच वावरते. तेव्हा पतंग मारून समाधान मानणे व्यर्थ होय.

अळी दुधी रंगाची, तपकिरी डोक्याची व पूर्ण वाढल्यावर सुमारे १ सेंटिमीटर लांब असते. लोकर, केस व पिसे पचविणे फार थोड्या कीटकांना साधते. हिला ते साधते. स्वच्छ सुती धोतराला ती सहसा शिवत नाही. एका जातीची अळी कापडावर रेशमी जाळे पसरते. दुसरी जात अंगाभोवती दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी विणून ती बरोबर घेऊन फिरते. नळीत खाल्लेल्या लोकरीचेच धागे असल्याने काळ्या घोंगड्यावर ती काळीच दिसते, आणि लोकरीचा गुंता समजून दुर्लक्षिली जाते. असा गुंता पांढऱ्या कागदावर ठेवून थोडा वेळ पाहावे. तो चालू लागला तर शंका उरत नाही. अळी केसाळ व तपकिरी असल्यास ती एका लहान भुंगेऱ्याची समजावी. तिच्यावरही उपाय हेच.

घामाने व अन्नाच्या डागांनी मळलेली लोकर अळीस विशेष प्रिय असते. म्हणून पावसाळा सरताच घोंगडे धुऊन, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, शिवणी व काठ ब्रशाने झाडावेत. नंतर ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांसह ठेवावे. उघड्या फळीवर या गोळ्यांचा वास उडून जातो व उपयोग होत नाही. गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. पेटी भरली तरी महिन्या-दोन महिन्यांनी घडी मोडून ऊन दाखवावे. शेतावरील कीटकनाशके अंथरुणा-पांघरुणावर मुळीच टाकू नयेत.

आढ्यातील पाखरांची जुनी, रिकामी घरटीही काढावीत. पिसांवर वाढलेली कसर तेथूनच पेटीपर्यंत पोचते.