छत कातळाचं, भाकरी पाचनईची

हरिश्चंद्रगडावर रात्र काढायची तर आरक्षणाची रीत सोपी आहे. मित्राच्या मित्राकडून गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावातल्या एखाद्या दादांचा नंबर मिळवायचा, फोन लावायचा आणि सांगायचं, 'शनिवारी आठ जण, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे-चहा, तीन तंबू.' पलीकडून 'या' एवढंच येतं. पावती नाही, आणि बहुतेक वेळा आगाऊ रक्कमही नाही. पण त्या 'या'नंतर पाचनईत कोणाच्या तरी घरी पीठ मोजलं जातं, कांदे-बटाटे पोत्यात भरले जातात आणि ते पोतं कोणाच्या तरी डोक्यावर चढतं. कारण गडावर गाडी जात नाही.

अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे भिडतात तिथे हा डोंगर उभा आहे. त्याचं सर्वांत उंच शिखर तारामती, १,४०० मीटरांहून उंच. वर यायच्या वाटा अनेक. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून तोलारखिंडीतून येणारी वाट लांब आणि घाम काढणारी, कोकणातून नळीतून चढणारी तर सराईतांचीच. अकोले तालुक्यातल्या पाचनईची वाट त्या मानाने सोपी, दोन-अडीच तासांत माणसाला गडावरच्या मंदिरापाशी पोचवणारी. म्हणूनच गडावरच्या पाहुणचाराची सूत्रं पाचनईकडे आली. वस्ती बहुतांशी महादेव कोळ्यांची, जोडीला भातशेती आणि गुरं.

या मुक्कामात गडाने स्वतः पुरवलेल्या गोष्टी दोनच: छत आणि पाणी. दोन्ही शेकडो वर्षांपूर्वी कातळातून कोरून काढलेली. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराभोवती आणि तारामतीच्या पायथ्याशी गुहा आहेत. त्यातल्या एकीत माणसाहून उंच गणपती आहे. तिला गणेशगुहा म्हणतात. या गुहांत वेरूळसारखं कोरीवकाम शोधू नये. सपाट जमीन, जाड छत, वाऱ्याला पाठ केलेलं दार, एवढंच बघायचं. राहण्यासाठी कोरलेल्या जागेत राहायला मिळतं, हे मला तरी शिल्पांपेक्षा मोठं वाटतं. चांगदेवांनी 'तत्त्वसार' इथेच लिहिलं असं मानतात, म्हणजे या दगडावर पाठ टेकणाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आहे. आपण तिथे कॅरीमॅट पसरून पत्ते खेळतो, तो भाग वेगळा.

पाण्याची हुशारी त्याहून बारकाईने बघण्यासारखी. सह्याद्रीवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत आभाळ फाटल्यागत कोसळतं आणि मे महिन्यात घोटभर पाण्यासाठी वणवण होते. बेसॉल्टच्या उतारावर पडलेलं पाणी बघता बघता निघून जातं. ते अडवायचं तर खडकाच्या पोटात, सावलीत साठवायला हवं, म्हणजे ऊन ते पिऊन टाकणार नाही. म्हणून टाकी खाली खोदली आणि काही ठिकाणी आतल्या बाजूला, छताखाली सरकवली. मंदिराजवळच्या अशा टाक्यातलं पाणी भर उन्हाळ्यात दात शिवशिवतील इतकं गार लागतं. वाकून डबडं बुडवायचं, आधी वरचा थर हलक्या हाताने बाजूला सारायचा आणि मग भरायचं. हात-पाय तिथे धुवायचे नाहीत, साबण तर नाहीच. पाटी कोणी लावलेली नसली तरी शेजारी भांडी घासणारी मावशी नजरेनेच सांगते. केदारेश्वराच्या गुहेत तर देवच पाण्यात आहे: मोठं शिवलिंग, भोवती कंबरभर पाणी आणि चार खांबांपैकी शाबूत उरलेला एक. प्रदक्षिणा घालायची तर त्या थंडगार पाण्यात उतरावं लागतं.

बाकी सगळं खालून येतं. तंबू, गाद्या, ब्लँकेटं, तेलाचे डबे, अंड्यांचे ट्रे, गॅसची टाकी. टाकी चढवणारा माणूस डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवतो, एका हाताने टाकी सावरतो आणि मंगळगंगा नदीच्या कडेकडेने, पाण्याने गुळगुळीत झालेल्या दगडांवरून, रिकाम्या हाताने धापा टाकणाऱ्या आपल्याला 'दादा, जरा बाजूला' म्हणत पुढे निघून जातो. वर चहाला शहरापेक्षा जास्त पैसे पडतात म्हणून घासाघीस करणारे मी पाहिले आहेत. त्यांना एकदा ही वाट टाकीसकट चढायला लावावी, असं मनात येऊन जातं.

जेवण बनतं त्या गडावरच्या झोपड्या म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड आणि वर निळी ताडपत्री. संध्याकाळी आत शिरलं की आधी काही दिसत नाही, फक्त धूर डोळ्यांत जातो. मग चूल दिसते. मावशीने परातीत पीठ मळून ठेवलेलं असतं. तांदळाचं, कधी नागलीचं. गोळा घेऊन ती दोन्ही तळव्यांत फिरवत थापते, तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते, उलटते आणि शेवटी भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करते. ती टम्म फुगली की ताटात. पातेल्यात पिठलं रटरटत असतं, बाजूला पाट्यावरचा मिरचीचा ठेचा. 'गरम हाय तवर खाऊन घ्या, मग गार भाकर वातड होती,' असं ती म्हणते आणि चौथी भाकरी न विचारता वाढते. भाकऱ्या मोजण्याची पद्धत नाही. पोटभर जेवणाचा एकच भाव. आठ तरुणांच्या पोटाचा अंदाज तिला आपल्यापेक्षा चांगला असतो.

झोपायला तंबू घ्यावा की गुहा, यावर ट्रेकर मंडळींत कायम वाद. तंबूत वारा घुसत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे आतून दव गळतं. गुहेत दव नाही. मात्र दगड रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून खाली जाड अंथरूण लागतंच. शिवाय शेजारच्या गटातला कोणी घोरत असेल तर ते पूर्ण गुहेचं घोरणं होतं. शौचाची सोय बहुतेकांसाठी डबडं आणि झाडी एवढीच. त्यातही एक पथ्य आहे, पाण्याच्या उतारावर बसायचं नाही. मंगळगंगा याच पठारावर उगम पावते आणि पाचनईच्या बाजूला उतरते, म्हणजे वर केलेली घाण खालच्या गावाच्या वाट्याला जाते.

कोकणकडा मंदिरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. कढईच्या आतल्या बाजूसारखा खोलगट झुकलेला, पश्चिमेकडे तोंड केलेला, खाली थेट कोकण. खालून उसळणारा वारा इतका जोरकस की हलकी वस्तू टाकली तर ती परत वर येते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी इथून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, पाहिल्याचं सांगतात. बहुतेक लोक मुक्कामाला येतात ते इथला सूर्यास्त बघायला, आणि काही वर्षांपासून तंबूंची रांगही या बाजूला सरकली आहे. ती मला पटत नाही. अंधारात लघवीला उठलेल्या माणसाला कडा नेमका कुठे सुरू होतो ते कळत नाही, आणि अशा झोपाळलेल्या वेळी मोबाइलचा दिवा पुरत नाही.

हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ते जाहीर झालं १९८६ साली. म्हणजे गावकऱ्यांच्या झोपड्या, तंबू आणि शेकोट्या वन खात्याच्या नियमांच्या कडेवर उभ्या आहेत. शेकोटीसाठी जंगलातली लाकडं तोडू नयेत, हे खरं. पण पाचनईच्या पोरांना मुंबई-पुण्याला न जाता चार पैसे मिळतात ते याच पाहुणचारातून, हेही तितकंच खरं. त्यातही गोची अशी की पावसाळी पर्यटकांची झुंबड आणि भाताची आवणी एकाच वेळी येते. जुलैत घर दोन ठिकाणी वाटलं जातं: निम्मे चिखलात, निम्मे गडावर चुलीपाशी.

खाली काय जातं, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. गॅसची रिकामी टाकी जाते, कारण तिला किंमत आहे. पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, इन्स्टंट नूडल्सची वेष्टनं यांना किंमत नाही, म्हणून ती कातळांच्या फटीत अडकून राहतात. सफाई मोहिमा होतात, पोत्यांनी कचरा उतरवला जातो, आणि पुढच्या सुट्टीनंतर तेवढाच परत जमतो. वर येणारा प्रत्येक जण पाठीवरची रिकामी होत जाणारी सॅक घेऊन उतरतो. तिच्यात स्वतःच्या चार बाटल्या सहज मावतात.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला मधला वार गाठा. शनिवारी गुहेत पाय ठेवायला जागा नसते आणि भाकरीला रांग लागते. मंगळवार-बुधवारी फोन केलात तर 'या' म्हणण्याआधी पलीकडून एक प्रश्न येईल, 'किती जण हाय?' कारण दोघांसाठी पोतं चढवायचं की घरातलंच पीठ न्यायचं, हे त्यांना ठरवायचं असतं.