अनुदान आलं, पण कधी आणि कशासाठी?

डिसेंबर अर्धा सरला की इंग्लंडमधल्या प्रत्येक काउन्सिलचा अर्थविभाग एका घोषणेकडे डोळे लावून बसतो. स्थानिक शासन खात्याचे मंत्री संसदेत निवेदन करतात आणि त्याच दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर एक लांबलचक तक्ता येतो. त्यात देशातल्या प्रत्येक काउन्सिलसाठी एक ओळ असते. पुढच्या वर्षी केंद्राकडून काय मिळणार, याचा हा तात्पुरता आकडा. अंतिम आकडा फेब्रुवारीत येतो. या सगळ्याला इथे ‘सेटलमेंट’ म्हणतात. मी उत्तर इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या काउन्सिलमध्ये अनुदानांचा हिशोब पाहते. तक्ता आला की आमच्या खोलीत कुणी जागचं हलत नाही. आधी आपली ओळ शोधायची, ती आपल्या जुन्या अंदाजाशेजारी ठेवायची आणि वजाबाकी करायची. पुढचे दोन महिने त्या वजाबाकीच्या उत्तरावर जातात.

तक्त्यातला सर्वांत ठळक आकडा असतो ‘कोअर स्पेंडिंग पॉवर’चा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तोच छापून येतो: काउन्सिलांच्या निधीत इतके टक्के वाढ. पण या आकड्यात केंद्राचं अनुदान, व्यापारी जागांवरच्या ‘बिझनेस रेट्स’मधला वाटा आणि रहिवासी भरतात तो काउन्सिल टॅक्स, असं सगळं एकत्र मोजलेलं असतं. शिवाय काउन्सिल आपला कर परवानगी असलेल्या कमाल मर्यादेपर्यंत वाढवणारच, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. वृद्धांच्या आणि अपंगांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या काउन्सिलांना अलीकडे ही मर्यादा वर्षाला 5 टक्के आहे. त्यातले 2 टक्के देखभालीसाठीच वापरायचे. मर्यादा ओलांडायची तर स्थानिक मतदारांचा कौल घ्यावा लागतो. म्हणजे लंडनमध्ये जाहीर झालेल्या ‘वाढी’चा मोठा हिस्सा एप्रिलमध्ये रहिवाशांच्याच बिलावर येतो.

हा कर कसा ठरतो, तेही पाहण्यासारखं आहे. पोल टॅक्स या दरडोई कराविरुद्धच्या असंतोषानंतर 1993 साली काउन्सिल टॅक्स आला. घरांचे ए ते एच असे आठ गट पाडले गेले, एप्रिल 1991 च्या किमतींवरून. इंग्लंडमध्ये ते गट आजही त्याच किमतींवर उभे आहेत. सर्वांत महागड्या एच गटातलं घर ए गटातल्या घराच्या तिप्पट कर भरतं. मग प्रत्यक्ष किंमत तीस पट असो वा शंभर पट. आमच्या गावात निम्म्याहून अधिक घरं ए गटातली आहेत. त्यामुळे कर एक टक्क्याने वाढवला तर आमच्या तिजोरीत जे येतं, ते दक्षिणेतल्या श्रीमंत काउन्सिलच्या मानाने फार थोडं. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये डी गटातल्या घराचं वर्षाचं बिल सुमारे 1,000 पौंड येतं. ईशान्येकडच्या हार्टलपूलमध्ये त्याच गटाला त्याच्या दुपटीहून जास्त भरावे लागतात. हा फरक भरून काढण्यासाठीच केंद्राचं अनुदान असतं, आणि ते आटलं की सर्वांत आधी झळ बसते ती गरीब गावांना.

अनुदान आटलं हे नक्की. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2018 साली मांडलेल्या हिशोबानुसार 2010-11 ते 2017-18 या काळात काउन्सिलांना केंद्राकडून मिळणारा पैसा महागाई वजा जाता 49.1 टक्क्यांनी घटला. कर वाढवूनही काउन्सिलांची एकूण खर्चाची ताकद 28.6 टक्क्यांनी कमी झाली. त्यानंतर रक्कम काहीशी वाढली. पण माझ्या टेबलावरून दिसणारा प्रश्न रकमेइतकाच तिच्या रूपाचाही आहे.

माझ्याकडे अनुदानांची एक नोंदवही आहे, अर्थात संगणकावरची. प्रत्येक अनुदानाला एक ओळ आणि पुढे रकाने: कुठल्या खात्याकडून आलं, कशावर खर्च करायचं, कधीपर्यंत, न खर्चलेलं परत द्यायचं का, हिशोब कोणत्या तारखेला पाठवायचा, सही कुणाची. काही पैसा मोकळा असतो. काउन्सिलने तो आपल्या गरजेनुसार वापरावा. काही ‘रिंग-फेन्स्ड’ म्हणजे राखीव. शाळांचं अनुदान शाळांनाच, सार्वजनिक आरोग्याचं आरोग्यालाच. घरखर्चाला पैसे देणाऱ्याने फी, औषध आणि किराणा अशी वेगवेगळी पाकिटं करावीत आणि औषधाच्या पाकिटातून किराणा आणला तर पैसे परत मागावेत, तशी ही व्यवस्था आहे. तिच्यामागे कारणही आहे. सार्वजनिक आरोग्याचं काम 2013 मध्ये काउन्सिलांकडे आलं. त्याचा पैसा राखीव नसता, तर व्यसनमुक्तीची आणि लैंगिक आरोग्याची केंद्रं इतर खर्चांच्या रेट्यात केव्हाच बंद पडली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. थोडीच आणि दीर्घ मुदतीची पाकिटं असतील तर ती संरक्षण देतात. आमच्याकडे ती फार झाली आणि त्यांची मुदत फार आखूड झाली.

‘हाउसहोल्ड सपोर्ट फंड’चं उदाहरण घ्या. वीज-गॅसचं बिल भरता येत नाही, घरात अन्न नाही, अशा कुटुंबांना काउन्सिलमार्फत मदत देण्यासाठी हा निधी ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला. सुरुवात सहा महिन्यांसाठी होती, मग पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली. 2024 साली तो 31 मार्चला संपणार होता. 6 मार्चच्या अर्थसंकल्पात त्याला आणखी सहा महिने दिले गेले; इंग्लंडसाठी 42.1 कोटी पौंड. ते सहा महिने सप्टेंबरअखेर संपणार होते, आणि पुढची मुदतवाढ 2 सप्टेंबरला जाहीर झाली. आता हे आतून कसं दिसतं ते सांगते. हे काम करणारी माणसं मुदतीच्या नेमणुकीवर असतात. निधी संपणार म्हटल्यावर त्यांना नोटीस द्यावी लागते आणि ती दुसरीकडे नोकरी शोधतात. मग निधी येतो, पण वाटणारे हात गेलेले असतात. नव्यांना घेऊन, शिकवून, अर्ज सुरू करेपर्यंत एक-दीड महिना जातो. फूड बँकेतली बाई फोन करून विचारते, ‘पुढच्या महिन्यात व्हाउचर मिळतील ना?’ तिला खात्रीचं उत्तर देता येत नाही. पैसा मंजूर झाला, पोहोचला, खर्च झाला. सरकारी हिशोबात सारं जुळतं. ज्या घरात त्या मधल्या महिन्यात हीटर बंद होता, त्या घराचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

काही अनुदानांसाठी काउन्सिलांना एकमेकींशी स्पर्धा करावी लागली. मागास भागांच्या विकासासाठी 4.8 अब्ज पौंडांचा ‘लेव्हलिंग अप फंड’ आला. जानेवारी 2023 मध्ये दुसऱ्या फेरीचा निकाल लागला तेव्हा पाचशेहून अधिक अर्जांपैकी 111 मंजूर झाले होते. एकेका अर्जामागे आराखडे, वाहतुकीचे अंदाज, लाभ-खर्चाचं गणित आणि बाहेरचे सल्लागार असतात, आणि त्यांचा खर्च काउन्सिलच्याच तिजोरीतून होतो. पहिल्या फेरीत पैसे मिळालेल्या भागांना दुसऱ्या फेरीत काही द्यायचं नाही, हे अर्ज आल्यानंतर ठरलं. त्यांची सारी मेहनत फुकट गेली. गरज मोजून पैसा द्यायचा की उत्तम अर्ज लिहिणाऱ्याला द्यायचा, हा नीतीचा प्रश्न आहे. ज्या गावाला पैशाची निकड जास्त, त्याच्याकडे अर्ज लिहायला माणसं कमी असतात.

जानेवारीत आमच्याकडे कपातीचे फॉर्म फिरू लागतात. प्रत्येक विभागाने लिहायचं: काय कमी करता येईल, किती वाचेल, कुणाला त्रास होईल. इथे कायदा स्पष्ट आहे. धोक्यात असलेल्या मुलांचं संरक्षण, 2014 च्या केअर ॲक्टखाली वृद्धांची देखभाल, विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत नेणं, बेघर कुटुंबांना छप्पर, ही कामं टाळता येत नाहीत. बेघरांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी केंद्र काउन्सिलला घरभाड्याची भरपाई देतं. पण तिची मर्यादा जानेवारी 2011 च्या दरांच्या 90 टक्क्यांवर अडकलेली आहे. घरमालक आजचं भाडं मागतो. मधला फरक काउन्सिल भरते, आणि कुटुंबं वाढली की तो फुगतो. मग कात्री कुठे लागते? वाचनालयाचे तास, तरुणांसाठीची केंद्रं, बागा, बससेवेला मदत, रस्त्यांची डागडुजी. लोकांना रोज दिसणारी कामं कमी होतात आणि बहुतेकांच्या नजरेआडची वाढतात. ‘कर वाढतो आणि खड्डे तसेच राहतात, मग आमचा पैसा जातो कुठे?’ असं लोक विचारतात. त्यांचा राग रास्त आहे. त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्यातरी वृद्धाश्रमाच्या बिलात असतं.

काउन्सिलला रोजच्या खर्चासाठी कर्ज काढता येत नाही. अंदाजपत्रक जुळलंच पाहिजे. ते जुळतं की नाही, हे सांगण्याची जबाबदारी कायद्याने एका व्यक्तीवर, मुख्य वित्त अधिकाऱ्यावर टाकली आहे. आकडे भरवशाचे आहेत का, गंगाजळी पुरेशी आहे का, यावर त्याला सदस्यांसमोर लेखी मत द्यावं लागतं. खर्च उत्पन्नाच्या पुढे जाणार असं दिसलं, तर 1988 च्या कायद्यातल्या कलम 114 खाली नोटीस काढावी लागते आणि नवा खर्च थांबतो. 2018 मध्ये नॉर्दॅम्प्टनशायरने ती काढली. त्याआधीची तशी नोटीस निघून जवळपास दोन दशकं लोटली होती. पुढे ते काउन्सिलच बरखास्त झालं. मग क्रॉयडन, स्लाव, थरॉक, वोकिंग आणि 2023 मध्ये बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम. कारणं एकसारखी नव्हती. वोकिंगने मालमत्तांसाठी डोईजड कर्ज काढलं होतं. बर्मिंगहॅमवर स्त्री कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची मोठी देणी आली होती. दोष स्थानिक कारभाराचाही होता, हे मान्य करायला हवं. पण गंगाजळी आधीच आटलेली असली की एका चुकीने अख्खं शहर आडवं होतं. 2025-26 साठी जवळपास 30 काउन्सिलांना केंद्राने विशेष परवानगी दिली: कर्ज काढून किंवा मालमत्ता विकून रोजचा खर्च भागवा. हा उपाय फार वर्षं पुरणारा नाही.

मार्चमध्ये माझं टेबल सर्वांत भरलेलं असतं. इथलंही आर्थिक वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. माझे वडील जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात होते. फेब्रुवारीत निधी यायचा, मार्चअखेर खर्चून युटिलायझेशन सर्टिफिकेट पाठवायचं असायचं. मार्च एंडिंगला ते घरी कधी येतील याचा नेम नसे. ती घाई मी इथेही पाहते आणि तिचे परिणामही तेच असतात. रस्त्याचा पैसा उशिरा आला की काम थंडी-पावसात उरकावं लागतं, ठेकेदार वाढीव दर सांगतो आणि ठिगळ टिकत नाही. पैसा वेळेवर न येणं हीसुद्धा एक कपातच आहे, कारण उशिरा आलेल्या पौंडात काम कमी होतं.

आता बदल सुरू झाला आहे. वाटपाची 2013 पासून जवळपास गोठलेली सूत्रं नव्याने मांडून 2026-27 पासून एकदम तीन वर्षांचे आकडे देण्याचं आणि विखुरलेली अनुदानं एकत्र करण्याचं धोरण सरकारने स्वीकारलं आहे. मला ते मनापासून योग्य वाटतं. तीन वर्षांचा आकडा हाती असेल तर माणसं कायम नेमता येतात, ठेका उन्हाळ्यात देता येतो, आणि फूड बँकेतल्या बाईला उत्तर देता येतं. नव्या सूत्राने काहींचं नुकसानही होईल आणि त्यांची ओरड ऐकू येईल. तरीही गरज हाच वाटपाचा आधार राहिला पाहिजे.

या देशात राहणाऱ्या मराठी वाचकांना माझं एक सांगणं आहे. एप्रिलच्या बिलाबरोबर येणारी माहिती न वाचता टाकू नका. फेब्रुवारीच्या अखेरीला किंवा 11 मार्चच्या आत तुमच्या काउन्सिलची अंदाजपत्रकाची सभा होते. ती लोकांसाठी खुली असते. 1960 साली मार्गारेट थॅचर यांनी खासगी विधेयक म्हणून मांडलेल्या कायद्याने हा हक्क पक्का झाला. त्या सभेत प्रत्येक सदस्याचं मत नावानिशी नोंदलं जातं. 500 पौंडांवरचा खर्च काउन्सिलला प्रसिद्ध करावा लागतो, आणि वर्षाचे हिशोब कामकाजाचे 30 दिवस पाहणीसाठी खुले असतात. बिलं, ठेके, पावत्या मागता येतात. माझ्या अनुभवात हा हक्क फार थोडे लोक वापरतात. तुम्ही वापरा. वाचनालयाचे तास का कमी झाले हे काउन्सिलरला विचारा, आणि निवाऱ्याचा दर 2011 वर का अडला आहे हे तुमच्या खासदाराला विचारा. दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले, तरच कुठला निर्णय कुणाचा हे उघड होईल.