यंत्राला आपली भाषा शिकवा



शुश्रूषेत आयुष्य घालवल्यामुळे आपली मंडळी मला नेहमी विचारतात, "सिस्टर, आईला विसर पडू लागला आहे. तिच्यासाठी कोणते यंत्र घ्यावे?" यंत्र निवडण्याआधी आजाराचे स्वरूप समजून घ्यावे, एवढेच मी प्रथम सांगते.

अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बहुधा आरंभीच क्षीण होतो. नवी गोष्ट मनात साठवण्याचे काम त्याच्याकडे असते. म्हणून सकाळचे संध्याकाळी आठवत नाही, परंतु हाताला पडलेले जुने वळण आणि बालपणीची भाषा पुष्कळ काळ टिकतात. अशा व्यक्तीला नवा मोबाईल शिकवीत बसू नये. मोठ्या बटणांचा, प्रत्येक बटणावर मुलाबाळांचे छायाचित्र असलेला टेलिफोन द्यावा. तो लावताना आकडे आठवावे लागत नाहीत.

आपल्यापैकी कित्येकजण मोठेपणी इस्राएलात आले. त्यांनी हिब्रू उशिरा आत्मसात केली, आणि स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. मग औषधाची वेळ हिब्रूत सांगणारे यंत्र घरात शिरलेल्या परक्या माणसासारखे भासू शकते. म्हणून आपला आवाज भरता येईल असे यंत्र घ्यावे. मुलीने त्यात मराठीत सांगावे, "आई, आठ वाजले. पाण्याबरोबर गोळी घे." एका वेळी एकच सूचना असावी. परदेशी मदतनीस बाईला मराठी येत नसेल, तर "तहान लागली", "दुखते", "भीती वाटते" असे दहाबारा शब्द अर्थासह तिच्या मोबाईलमध्ये भरून द्यावेत. संध्याकाळी जीव घाबरा होतो, तेव्हा ओळखीची मराठी कीर्तने लावून पाहावीत. जुने सूर बहुधा स्मरणात राहतात.

घराबाहेर भरकटणाऱ्यांसाठी उपग्रहांच्या साहाय्याने ठिकाण दाखवणारे घड्याळ उपयोगी आहे. मात्र ते नियमित चार्ज करावे लागते आणि इमारतीच्या आत चुकू शकते. माणूस सापडत नसेल तर विलंब न लावता पोलिसांना १०० वर कळवावे, रुग्णवाहिकेसाठी १०१. जीव धोक्यात असेल तेथे शब्बाथाचा निर्बंध आड येत नाही, म्हणून फोन उचलण्यास कचरू नये.

दाराला गजर बसवल्यास रात्रभर कान टवकारून पडणाऱ्या सुनेला किंवा पतीला थोडी झोप मिळते. शुश्रूषा करणाराच आजारी पडला, तर रुग्णाला कोण सांभाळणार?

शेवटची गोष्ट मानाची. स्नानगृहात कॅमेरा लावू नये. घड्याळ, गजर, कॅमेरा यांविषयी आजाराच्या आरंभीच, समज शाबूत असताना, त्यांनाच विचारावे. त्याच वेळी हेही विचारावे की यंत्रात कोणाचा आवाज हवा. पुढे हे उत्तर त्यांना देता येईलच असे नाही.