पडद्यावरचा सरपंच आणि हिवरे बाजारची ग्रामसभा

मराठी चित्रपटातलं गाव म्हटलं की कोण आठवतं? मिशीला पीळ देणारा पाटील नाहीतर सरपंच, आणि कोपऱ्यात पदर सावरत उभी एखादी गरीब बाई. निळू फुले पडद्यावर आले की आपल्या आया-मावश्या बोटं मोडायच्या! प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, अगदी साधा. पण १९७५ च्या ‘सामना’तल्या हिंदुरावानं पाडलेली छाप पुसलीच नाही. विजय तेंडुलकर, डॉ. जब्बार पटेल, डॉ. श्रीराम लागू... सगळी नाटकातली माणसं. साखर कारखान्यामागचं राजकारण त्यांनी धीटपणे मांडलं. पुढे १९७९ मध्ये अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून आलेला ‘सिंहासन’ थेट मुख्यमंत्र्यांच्या दारात पोचला.

तक्रार एवढीच, की नंतरच्या कितीतरी चित्रपटांनी सरपंचाची मिशी तेवढी उचलली; ‘सामना’तला प्रश्न मागेच राहिला.

आता नगरजवळचं हिवरे बाजार घ्या. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय.) पाऊस बेताचा, डोंगर उघडेबोडके, दारू घरोघर, माणसं पोटामागे बाहेर, अशी १९७२ च्या दुष्काळानंतरची कळा. १९९० च्या सुमारास एम. कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानानं चर खणले, बांध घातले, झाडं लावली. ऊस-केळी नको, शेतीला बोअर नको, हे गावानंच ठरवलं. पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडतात; आधी पिण्याचं, मग उरेल त्यावर पिकं. महिन्याच्या पगाराचा मेळ आपण घालतो ना, अगदी तस्साच! पवारांना २०२० ची पद्मश्रीही मिळाली.

यात खलनायक नाही, मग नाटक कसं व्हायचं, असं कुणी म्हणेल. अहो, नाट्य आहे की! चराईबंदी झाली. गवत कापून न्यायची मुभा. पण दोन शेळ्यांवर संसार ओढणारीनं काय करायचं? भारा कुणाच्या डोक्यावर? कुऱ्हाडबंदी झाली, तर चुलीत काय घालायचं? नसबंदी ठरली, तर ती नवऱ्याची की बायकोची? डोंगर हिरवा व्हायला हवा हेही खरं, आणि तिचा प्रश्नही खरा. तेंडुलकरांसारख्या लेखकाला यापरता विषय कोणता हवा होता?

ग्रामसभेत उभी राहून ही बाई बोलतेय, असं नाटक कुणी लिहा हो. पहिल्या रांगेचं तिकीट मी काढीन, आणि सासूबाईंनाही नेईन बरोबर.