समदुःखी भगिनींची वैयावच्च

गोंदियातील व्यापारी घरांत पैशापैशाची नोंद वहीत होते. सुनेच्या स्तनातील गाठीची वार्ता मात्र उंबरठा ओलांडत नाही. मुलीचे लग्न ठरायचे असते. मग नागपूरच्या उपचारवाऱ्या ‘माहेरी गेली आहे’ या सबबीखाली उरकल्या जातात. गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, त्यामुळे मौन अधिकच लांबते.

१९५२ साली न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचा स्तन शस्त्रक्रियेने काढावा लागला. शंका विचाराव्यात असे कोणी नाही, हे अनुभवल्यावर त्या स्वतःच अशा रुग्णांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. ‘रीच टू रिकव्हरी’ ही चळवळ त्यातून उभी राहिली. मुंबईत कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली ‘व्ही केअर’ स्थापन केली, तीही याच जातीच्या आधारासाठी.

शस्त्रक्रियेचे डॉक्टर सांगतात. काखेतील ग्रंथी काढलेल्या हातात घट्ट बांगडी का नको, भिंतीवर बोटे चढवीत हात कसा उचलावा, हेही सांगतात. पण केस गेलेल्या डोक्यावर पदर कसा टिकवावा, हे त्या वाटेने गेलेलीच जाणते. जैन घरांत आणखी एक पेच असतो: केमोथेरपीच्या दिवसांत चौविहाराचे काय? पच्चक्खाणाला आगार असतात, हे सासूलाही ठाऊक असते. तरी सूर्यास्तानंतरचा पहिला घोट घेण्याचे बळ येते ते तसा घोट घेतलेल्या दुसऱ्या श्राविकेकडून.

वैयावच्च हे आभ्यंतर तप. पण पर्युषणात स्थानकात शेजारी बसलेल्या दोघींनी हाच आजार भोगलेला असावा आणि परस्परींना त्याचा पत्ताही नसावा, असे आजही घडू शकते.