रक्तस्रावी विकार व बालकांचे दंतारोग्य
रक्तस्रावी विकार व बालकांचे दंतारोग्य : रक्त साखळण्याच्या क्रियेत (रक्तक्लथनात) जन्मजात दोष असलेल्या बालकांचे दात, हिरड्या व मुख यांची निगा. हीमोफिलिया (आठव्या क्लथन-घटकाच्या अभावी ‘अ’, नवव्याच्या अभावी ‘ब’ प्रकार), फोन व्हिलब्रांट रोग आणि बिंबाणूंचे दोष हे यांतील प्रमुख विकार होत. हीमोफिलिया ‘अ’ सुमारे ५,००० नवजात मुलग्यांत एकास आढळतो. एरिक फोन व्हिलब्रांट यांनी १९२६ मध्ये वर्णिलेला रोग मुलगे व मुली या दोहोंत आढळतो. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा विकारांचे निदान व संशोधन केले जाते.

रक्ताची गुठळी विरघळविणारी द्रव्ये लाळेत असतात. शिवाय जिभेच्या हालचालीने व चर्वणाने गुठळी निखळते. त्यामुळे मुखातील रक्तस्राव लांबतो. मूल चालू लागताना पडून वरच्या ओठाच्या आतील पडदा फाटणे व तेथून तासन्‌तास रक्त झिरपणे, हे कित्येकदा विकाराचे पहिले लक्षण ठरते.

रक्त येईल या भीतीने काही पालक मुलाचे दात घासणेच थांबवितात. त्याचा परिणाम उलट होतो. दातांवर साचलेल्या किटणाने हिरड्या सुजतात व सुजलेल्या हिरड्यांतूनच रक्त येते. पुढे दात किडून काढावा लागतो आणि टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया ओढवते. म्हणून पहिला दात येताच मऊ ब्रशाने दिवसातून दोनदा दात घासणे, फ्ल्युओराइडयुक्त पेस्ट अल्प प्रमाणात वापरणे, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलास न झोपविणे व गोड पदार्थ बेताने देणे आवश्यक असते. मिश्रीत तंबाखू असल्याने ती वर्ज्य होय; राखुंडीच्या खरखरीत कणांनी दात झिजतात. दुधाचे दात बहुधा आपोआप पडतात. किंचित रक्त आल्यास स्वच्छ ओली घडी १५-२० मिनिटे चावून धरावी व रक्त न थांबल्यास रुग्णालयात जावे.

दात काढण्यापूर्वी दंतवैद्याने रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला घेणे अनिवार्य असते. हीमोफिलियात खालच्या जबड्याच्या तंत्रिकेजवळ बधिरीकरणाची सुई टोचण्यापूर्वी उणा असलेला घटक शिरेतून द्यावा लागतो. एरवी खोल ऊतकांत रक्त साठून श्वासमार्ग दबण्याचा धोका असतो. ट्रॅनेक्झॅमिक अम्लामुळे गुठळी टिकून राहण्यास मदत होते. वेदनेसाठी ॲस्पिरीन देऊ नये.

पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर (ता. करमाळा, जि. सोलापूर) यांसारख्या गावाहून मोठ्या शहरातील रुग्णालय गाठण्यास काही तास लागतात. अशा ठिकाणी मुलाच्या विकाराची लेखी नोंद जवळ बाळगणे, ती शाळेस व स्थानिक दंतवैद्यास आधीच दाखविणे आणि दर सहा महिन्यांनी दात तपासून घेणे हितावह ठरते. किडीचा खड्डा लहान असतानाच भरल्यास बहुधा दात काढण्याचा प्रसंग टळतो.