पाळी थांबली, तरी गर्भ राहू शकतो

टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर काही महिन्यांत ट्रान्स पुरुषांची पाळी बहुधा थांबते. पण गर्भाशय, बीजकोश शाबूत असतील तर बीज अधूनमधून बाहेर पडू शकतं, दिवस जाऊ शकतात. आणि हे औषध गर्भाला घातक. ट्रान्स स्त्रिया घेतात ते इस्ट्रोजेनही गर्भनिरोधक नव्हे.

कॉपर-टी 380-ए 10 वर्षं चालते, टेस्टोस्टेरॉनच्या आड येत नाही. ती बसवतानाची तपासणी मात्र अनेकांना नकोशी वाटते. मग सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन बरं. निरोध फाटला तर 72 तासांत तातडीची गोळी. तीही टेस्टोस्टेरॉनसोबत चालते.

केसपेपरवर ‘पुरुष’ लिहिलं की हे सहसा कुणी विचारतच नाही. डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर तुम्हीच काढा.